एटीव्हीच्या पुढच्या शॉकअपची लांबी नक्की किती घ्यायची? ३५० काढून ४२० टाकायचा विचार आहे

लालमाती_फोंडा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय. आमच्याकडे एक जुना २५० सीसीचा स्पोर्ट क्वाड (चार चाकांची एटीव्ही) आहे, त्यात आम्ही दोघा भावांनी ३९० ड्यूकचं इंजिन बसवलंय, चेसिसला पुढून-मागून ट्यूब मारून घेतल्यात आणि गेल्या महिन्यात पुढचे ए-आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे दांडे) दोन्ही बाजूंनी ५० मिमी लांब करून घेतले कारण वळणावर आतलं चाक उचलायचं. वळणाचा त्रास गेला, पण आता गाडी पुढून इतकी बसलीय की मामाच्या जुन्या चिरेखाणीत आम्ही प्रॅक्टिस करतो तिथे प्रत्येक चिऱ्याच्या कडेवर पोट घासतं. मी बसल्यावर पोटाखाली फक्त १३० मिमी राहतात, टेप लावून बघितलंय. सध्याचा शॉकअप बोल्ट ते बोल्ट ३५० मिमीचा आहे, स्प्रिंगवर २४ (न्यूटन प्रति मिमी) लिहिलंय. ऑनलाइन ४२० चा एक चांगला दिसतोय, ७० मिमी लांब म्हणजे गाडी ७० मिमी उचलेल असा माझा हिशोब. चवथीच्या आधी लावून मोकळं व्हायचंय. ऑर्डर करू का?

म्हापशाचे_काका
अजिबात करू नको. आधी गाडी घोड्यावर (स्टँडवर) चढव आणि चाकं लोंबू दे, मग पुढचा विचार. शॉकअप चेसिस आणि चाकाच्या मधोमध उभा नसतो रे, तो आर्मच्या मध्येच कुठेतरी धरलेला असतो आणि वर तिरकाही असतो. शॉक ७० ने लांब केलास तर चाक ७० ने खाली जाणार नाही, त्याच्या दुपटीने जाईल. तुझा खालचा बोल्ट आर्मच्या पिव्होटपासून (चेसिसकडच्या सांध्यापासून) किती अंतरावर आहे आणि पिव्होट ते बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) किती, हे दोन आकडे दे.

लालमाती_फोंडा
काका, आत्ताच मोजून आलो. पिव्होट ते शॉकचा खालचा बोल्ट २२०. पिव्होट ते बॉल जॉइंट आधी ३४० होतं, आता ३९०. शॉक साधारण ३० अंशात कललेला आहे, मोबाइलच्या अँगलवाल्या अ‍ॅपने बघितलं. गाडी उचलल्यावर खालचा आर्म आडव्याच्या खाली १३ अंश लोंबतो.

बाजा_फर्मागुडी
मी कॉलेजात असताना बाजाच्या टीममध्ये सस्पेन्शन बघायचो, बाजा म्हणजे कॉलेजच्या पोरांनी चार चाकांची बग्गी बांधायची ती स्पर्धा, १० हॉर्सपॉवरचं इंजिन सगळ्यांना एकच, त्यामुळे जिंकायचं तर सस्पेन्शनवरच. तुझे आकडे बघून हात शिवशिवले म्हणून सविस्तर लिहितोय.

चाक १ मिमी हललं की शॉक किती हलतो तो तुझा मोशन रेशो. आधी २२० भागिले ३४०, गुणिले ३० अंशाचा कोसाइन म्हणजे ०.८६६, उत्तर ०.५६. आता २२० भागिले ३९०, गुणिले तेच, उत्तर ०.४९. बोल्ट तिथेच राहिला आणि आर्म लांब झाला म्हणून चाकाला शॉकवर जास्त तरफ मिळाली. आणि खरी गोम इथेच आहे, चाकाला जाणवणारी स्प्रिंग ही मोशन रेशोच्या वर्गाने बदलते. तुझी २४ ची स्प्रिंग आधी चाकापाशी साडेसात न्यूटन प्रति मिमी लागायची, आता ५.७ लागते. म्हणजे आर्म लांब केल्या दिवशी तू एक पैसा खर्च न करता स्प्रिंग जवळजवळ २४ टक्क्यांनी मऊ करून टाकलीस. गाडी बसली ती शॉक आखूड पडला म्हणून नाही बसली, आधी या कारणाने बसली.

आता ४२० चं बघ. ७० भागिले ०.४९, म्हणजे चाक १४३ मिमी खाली लोंबेल. तुझा आर्म १३ अंशावर आहे तो ३७ अंशाच्या आसपास जाईल. बॉल जॉइंट तिथपर्यंत फिरणारच नाही, त्याच्या आधी त्याची दांडी कपाच्या काठाला टेकेल. दर उडीला हवेत चाकं लोंबली की बॉल जॉइंट हाच तुझा स्टॉपर.

टर्नर_कुंडई
वरच्या शेवटच्या वाक्याला माझा उजवा मनगट साक्षी आहे. मी कुंडईला लेथवर काम करतो, पाच-सहा वर्षांपूर्वी एका मित्राच्या क्वाडला असाच लांब शॉक टाकला होता, टाकला कसला, शॉक तोच ठेवून एका ठिकाणाहून खालचा कान (बोल्ट जातो ती कडी) पट्टी लावून लांबवून घेतला होता. वाटलं उंची मिळाली. तिसऱ्या की चौथ्या उडीत हवेतच टक असा आवाज आला, मी ऐकला पण कळलं नाही काय ते. खाली आलो तेव्हा डावं चाक आर्मसकट आत दुमडलं होतं, बॉल जॉइंटची दांडी मानेपाशी तुटलेली, तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग गंजलेला काळा आणि अर्धा चकचकीत, म्हणजे तडा बरेच दिवस आधीपासून होता आणि रोज थोडा थोडा वाढत होता. मनगटात दोन तारा घातल्या. तेव्हापासून मी कुणालाही कान लांबवून देत नाही, पैसे कितीही देऊ देत. कान लांबवून फक्त लांबी वाढते, आतली दांडी जेवढी सरकायची तेवढीच सरकते, उलट खाली बसताना शॉक पूर्ण दाबून झाला की धक्का सरळ चेसिसवर.

लालमाती_फोंडा
बापरे. हे वाचून ऑर्डर कार्टमधूनच काढून टाकली. पण मग लांबी ठरवायची कशावरून? ३५० च ठेवून नुसती कडक स्प्रिंग टाकू का?

म्हापशाचे_काका
कडक स्प्रिंगने थोडी उचलेल पण चिरेखाणीत तेवढ्याने भागणार नाही. तुझ्या शॉकचा स्ट्रोक (दांडी जेवढी सरकते ते) ८५ च्या आसपास असणार, म्हणजे चाकाची वर-खाली चाल १७०-१७५. यामाहा रॅप्टर ७०० आर ला कंपनीने पुढे ९.१ इंच म्हणजे २३१ मिमी दिलीय, वायएफझेड ४५० आर ला ९.८ इंच, २४९. त्या गाड्या उड्या मारायलाच बांधलेल्या. तू आर्म लांब करून त्यांच्या वर्गात बसू पाहतोयस आणि चाल मात्र जुन्या बारक्या क्वाडची.

लांबी ही आपण ठरवायची गोष्टच नाही, ती गाडी सांगते. शॉक काढून टाक, चाक हाताने सगळ्यात वर ने आणि सगळ्यात खाली ने, दोन्ही ठिकाणी बोल्ट ते बोल्ट मोज. झालं. वरचं माप म्हणजे शॉक दाबलेला असताना किती, खालचं माप म्हणजे उघडलेला असताना किती. दोघांतला फरक म्हणजे स्ट्रोक. त्या तीन आकड्यांचा शॉक शोधायला निघायचं, उंचीचा आकडा डोक्यात घेऊन नाही.

टर्नर_कुंडई
काकांचं बरोबर, फक्त कसं मोजायचं ते सांगतो कारण हाताने धरून मोजताना दरवेळी वेगळं माप येतं. स्टोरेजच्या रॅकला ती भोकाभोकाची अँगल पट्टी असते ना, हार्डवेअरच्या दुकानात कापून मिळते, तिचे दोन तुकडे घे. एक वरच्या बोल्टला, एक खालच्या बोल्टला, आणि मध्ये एकमेकांवर सरकवून दोन नट-बोल्टने आवळ. हा तुझा खोटा शॉक. लांबी हवी तशी बदल, आवळ, आर्म तिथेच थांबतो, मग निवांत चारी बाजूंनी बघ. मी ५ मिमीच्या टप्प्याने खाली सोडत जातो आणि प्रत्येक टप्प्याला स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवतो, कारण बॉल जॉइंट सरळ चाकाला मोकळा असतो आणि वळवलं की अडकतो. जिथे हाताला जरासा जड लागेल तिथून थोडं माघारी यायचं, तो तुझा खालचा शेवट. टायरॉडचा (स्टेअरिंगकडून चाकाला येणाऱ्या दांडीचा) जॉइंट, ब्रेकचा पाइप, वरचा आर्म शॉकच्या स्प्रिंगला घासतो का, सगळं तिथेच दिसतं. ब्रेकचा पाइप आर्म लांब करताना बदललास का? नसेल तर तोच आधी ताणून तुटेल.

आणि जुनी स्प्रिंग काढताना कॉलर (स्प्रिंग आवळायची चकती) पूर्ण सैल करून मगच कॉम्प्रेसर लावून काढ, दाबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड ठेवू नका दोघेही.

डिचोलीकरीण
मला वरच्या बाजूबद्दल लिहायचंय, म्हणजे चाक सगळ्यात वर नेल्यावरचं, कारण त्याच्याबद्दल कुणी फार बोलत नाही. चाक कुठपर्यंत वर न्यायचं? माझं उत्तर, पोट जमिनीला टेकायच्या थोडं आधीपर्यंत. मी ४० मिमी ठेवते. उडीवरून सपाट पडलात तर टायर चेपतो, तेवढी जागा हवीच, नाहीतर मोठ्या उडीत पोटच आधी आपटतं आणि सगळा धक्का पाठीच्या मणक्याला. आणि शॉक त्या मापापेक्षाही थोडा जास्त दाबला जाणारा हवा, म्हणजे शेवटचा धक्का रबराच्या बंप स्टॉपने खायचा, शॉकच्या आतल्या लोखंडाने नाही.

इथेच लांब शॉकची दुसरी खोड आहे. शॉकच्या लांबीत दांडी, बाहेरची नळी आणि दोन्ही कान असे तिन्ही हिस्से असतात. स्ट्रोक जेवढा, तेवढी दांडी बाहेर आणि तेवढीच जागा नळीत, वर पिस्टन, सील आणि कानांसाठी ठरावीक मिमी. म्हणजे उघडी लांबी म्हणजे स्ट्रोकच्या दुप्पट अधिक १४०-१५० असं साधारण समजा. ४२० च्या शॉकला १४० स्ट्रोक मिळाला तर तो पूर्ण दाबूनही २८० च राहणार. तुमच्या गाडीला वर २६०-२६५ लागत असतील तर चाक वर जायच्या आधीच शॉक संपला. लांब घेऊन खालून बॉल जॉइंट तोडायचा आणि वरून चालही घालवायची, दोन्हीकडून नुकसान.

मी डिचोलीच्या बाजूला चालवते, आमच्याकडे मातीत तांबडा चिखल आणि खाली खडी, पावसाळ्यात तर टायरमधली खाच भरून जाते आणि चाकाचं वजन हाताला कळण्याइतकं वाढतं. अशा वेळी चाक पटकन खाली येऊन जमिनीला धरायला हवं, त्यासाठी लोंबायची चाल राखून ठेवावी लागते. ज्यांनी लांब शॉक घालून वर प्रीलोड (कॉलरने स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) आवळून गाडी ताठ उभी केलीय त्यांची चाकं आधीच पूर्ण लोंबलेली असतात, खड्डा आला की चाक खाली जायला जागाच नाही, गाडी वरून उडत जाते.

चिखलवेडा_केपे
मी साधा रायडर, गणित कळत नाही, पण एक विचारतो. बाइकचे शॉक लावले तर काय वाईट? इथे भंगारात चांगले मोनोशॉक स्वस्तात मिळतात, दोन-तीन जणांनी घरी बांधलेल्या एटीव्हीला लावलेत.

बाजा_फर्मागुडी
दोन अडचणी. एक, बाइकच्या मागच्या शॉकचा स्ट्रोक कमी असतो, त्याच्यापुढे लिंकेज (मधले जोडदांडे) किंवा लांब स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) धरून तो बनवलेला असतो, शिवाय एका शॉकवर अख्खी बाइक, म्हणून स्प्रिंगही फार कडक. दुसरी जास्त महत्त्वाची, साध्या दोन नळ्यांच्या शॉकमध्ये तेल आणि हवा वेगळी करायला काही नसतं. तो उभा असेल तर ठीक, फार आडवा किंवा उलटा बसवला की झडपेपाशी हवा येते आणि दहा धक्क्यांनंतर डॅम्पिंग (धक्का जिरवणं) संपतं, नुसती स्प्रिंग उड्या मारते. क्वाडला पुढचा शॉक कललेला असतोच. वेगळी गॅसची टाकी किंवा आत तरंगता पिस्टन असलेला शॉक घ्या, त्याला कल चालतो. आणि ती टाकी नायट्रोजनने दाबून भरलेली असते, स्क्रू काढून आत काय आहे ते बघायला जाऊ नका.

चिखलवेडा_केपे
समजलं, धन्यवाद. माझ्या गाडीला खरंच पहिल्या पाच मिनिटांनंतर उड्या येतात, मला वाटायचं टायरची हवा.

लालमाती_फोंडा
चार दिवसांनी आलो, माफ करा. पाऊस एवढा होता की शेडमध्येच अडकलो, पण काम झालं. भोकाची पट्टी आणून टर्नरदादांनी सांगितलं तसा खोटा शॉक केला, संध्याकाळी सहाला सुरू केलं ते आईने जेवायला तीनदा हाक मारेपर्यंत चाललं.

वरचा शेवट, पोटाखाली ४० मिमी ठेवून, बोल्ट ते बोल्ट २६२. खाली सोडत गेलो, ३९० ला स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळवल्यावर जड लागलं, बॉल जॉइंटच्या रबराचा काठ चेपलेला दिसत होता. ३८४ ला एकदम मोकळं. तेव्हा आर्म २४ अंश खाली, आणि वरच्या शेवटाला १२ अंश वर. चाकाची एकूण चाल जमिनीपासून टेपने २४० आली. आणि हो, ब्रेकचा पाइप बदलला नव्हता. ३६५ लाच तो तारेसारखा ताठ झाला होता. ते बघून दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही.

म्हणजे शॉक उघडा ३८४ पेक्षा जास्त नको, दाबलेला २६२ पेक्षा कमी हवा, स्ट्रोक १२० च्या आसपास. बरोबर?

डिचोलीकरीण
अगदी बरोबर. ३८० उघडा, १२० स्ट्रोक, दाबल्यावर २६०. ३८० वजा १२० ची दुप्पट, १४० उरतात, म्हणजे असा शॉक बनू शकतो. ४ मिमी खाली मोकळे राहतात ते राहू द्या, बुश झिजले की तेवढं हलतंच.

म्हापशाचे_काका
शाबास. बघ, तुझ्या मनातला ४२० आणि गाडीने सांगितलेला ३८०. आता स्प्रिंग. गाडीचं वजन आणि तुझं दे, चिखलाचे बूट, हेल्मेट, सगळं घालून.

लालमाती_फोंडा
गाडी १८५ किलो, टाकी अर्धी. मी गिअर घालून ७५. पुढच्या दोन चाकांखाली वजनकाटे ठेवून मी बसलो तर प्रत्येकी ६० किलो दाखवतंय. चाक, हब, डिस्क, आर्मचा अर्धा धरून एका बाजूचं १२ किलो.

बाजा_फर्मागुडी
मस्त, वजनकाटा लावलास हे फार आवडलं, लोक अंदाजपंचे ठोकतात. ६० वजा १२, म्हणजे ४८ किलो स्प्रिंगवर, ४७० न्यूटन. २३५ मिमी चाल मिळेल, तिच्या ३० टक्के बसकण (वजनाने गाडी जेवढी खाली बसते ती) हवी, म्हणजे चाकापाशी ७० मिमी. ४७० भागिले ७०, ६.७ न्यूटन प्रति मिमी चाकापाशी. ती मोशन रेशोच्या वर्गाने, ०.२४ ने भागली की स्प्रिंग २८ ची. शून्य प्रीलोड धरून. २५ ची मिळाली तर चार-साडेचार मिमी प्रीलोड देऊन तिथेच येशील. मी २५ घेईन, छोट्या खड्ड्यांवर मऊ चालते आणि कॉलरला दोन्हीकडे फिरवायला जागा राहते.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. २५ ची २५ च राहते, फक्त गाडी वर उभी राहते. खाली आपटतेय म्हणून प्रीलोड आवळत बसणारे लोंबायची चाल खात असतात.

जुन्या सेटिंगला तुझी बसकण किती होती तेही काढून बघितलं, १७० च्या चालीत ८२. जवळजवळ निम्मी चाल तू नुसता बसल्यावरच संपत होती. पोट घासणारच.

चौचाकी_मडगाव
सगळे पुढचंच बोलताहेत, मागचं कोण बघणार? पुढून गाडी ७० मिमी उचलली आणि मागे तशीच ठेवली तर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) १२२० धरला तरी गाडी सव्वातीन अंश मागे झुकते. तेवढा कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कल) वाढतो, स्टेअरिंग जड, हात दुखतील. उलटं केलं, मागून जास्त उचलली, तर कॅस्टर कमी होऊन सरळ रस्त्यावर हँडल थरथरायला लागतं, ते तर जास्त धोक्याचं. मागे लिंकेज आहे की शॉक थेट स्विंगआर्मवर?

लालमाती_फोंडा
थेट. ३६० चा आहे. शॉक १० मिमी हलवला की चाक २४ हलतं, पट्टी लावूनच मोजलं आता सवय झाली.

चौचाकी_मडगाव
मग ३८५ घेतलास तर मागून ६० उचलेल, पुढच्याला जुळतं. पण मागेही तेच, आधी खोटा शॉक लावून खालचा शेवट बघ, इथे बॉल जॉइंट नाही पण चेन आहे. गिअरबॉक्सचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा एक्सल तिन्ही एका रेषेत येतात तिथे चेन सगळ्यात ताठ होते. चेनची ढील तिथे मोज, गाडी स्टँडवर असताना नाही. तिथे बोटभर ढील नसेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सगळा ताण. आणि पूर्ण लोंबल्यावर चेन स्विंगआर्मच्या पाठीवर घासते, तिथलं नायलॉनचं स्लायडर जाड आहे ना बघ. मी ते न बघता चालवली होती, एका सीझनमध्ये चेनने ॲल्युमिनियमच्या स्विंगआर्ममध्ये अर्ध्या बोटाएवढी खाच पाडली.

टर्नर_कुंडई
माझं अजून एक मत, कुणाला पटेल न पटेल. चिरेखाणीसाठी २०० मिमी पोटाखाली ठीक आहे कारण तिथे कडा आहेत. पण सपाट मातीच्या ट्रॅकवर शर्यत असेल तर मी गाडी ३० मिमी खाली आणीन, उंच क्वाड वळणावर उलटतो आणि क्वाड अंगावर पडला की बाइकसारखा बाजूला नाही होत. पुढून रुंद केलास तर मागचा एक्सलही रुंद हवा. तुझा मागचा जुनाच आहे ना?

लालमाती_फोंडा
हो, जुनाच. पुढच्या यादीत टाकला. शर्यतीच्या आधी सपाट ट्रॅकला कॉलर मोकळी करून खाली आणायची, हे लिहून ठेवलं.

चिखलवेडा_केपे
दादा, टेस्ट बीचवर घेतली तर वाळूत पडलो तरी लागत नाही, असं चाललं तर?

म्हापशाचे_काका
नको रे, गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, दंड होतो, आणि होतो तेच बरं, कासवं अंडी घालतात तिथे. शिवाय खारी वाळू शॉकच्या दांडीला बसली की क्रोमला बारीक टिपके पडतात आणि त्या टिपक्यांनी सील कापलं जातं. मामाची खाण आहे ना, तिथेच घ्या. पावसातून आलात की दांडी साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसायची, प्रेशर पंपाचं तोंड सीलवर धरायचं नाही. तांबडी माती म्हणजे बारीक पॉलिश पेपरच.

लालमाती_फोंडा
तीन आठवड्यांनी अपडेट. शॉक आले, पुढचे ३८०, स्ट्रोक १२०, स्प्रिंग २५. मागचा ३८५ चाही पुढचे देणाऱ्या माणसानेच जुळवून दिला. ब्रेकचे पाइप लांब बनवून घेतले, टायरॉड आर्मच्या लांबीला जुळवले, टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) परत लावला.

सेटिंग कसं केलं ते लिहितो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. गाडी जॅकवर, चाकं लोंबती, पुढच्या बंपरपासून जमिनीपर्यंत माप. मग खाली उतरवून, दोन-तीनदा जोरात दाबून सोडून, मी सगळा गिअर घालून फूटपेगवर पाय ठेवून बसलो आणि भावाने माप घेतलं. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा ४-५ मिमीचा फरक येतो, बुशचं घर्षण असणार, मधला आकडा धरला. पहिल्यांदा ८१ बसकण आली, कॉलर तीन मिमीने आवळली तर ७३. पोटाखाली बरोबर २००. मागे बसकण ८० ठेवलीय.

काल पाऊस उघडला तेव्हा खाणीत नेली. पहिल्या कडेवर नेहमीसारखे दात आवळले, सवयच लागली होती, आणि काहीच झालं नाही. नुसता चाकाचा धप्प असा आवाज. भाऊ बाजूला उभा राहून शॉकच्या दांडीवरचा रबरी रिंग बघत होता, सगळ्यात मोठ्या उडीनंतर तो शेवटापासून ९ मिमी अलीकडे थांबलेला होता. एकच तक्रार, ओळीने खळगे आले की गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते.

डिचोलीकरीण
किती बरं वाटलं वाचून. ९ मिमी म्हणजे उत्तम, सगळी चाल वापरली जातेय आणि आपटत नाही. ओळीच्या खळग्यांत बसत जाते कारण रिबाउंड (शॉक परत उघडताना आवरणारं डॅम्पिंग) जास्त आवळलंय, एका खळग्यातून चाक परत खाली यायच्या आत दुसरा येतो. खालचा क्लिकर दोन क्लिक मोकळा करा, त्याच जागेवरून त्याच वेगाने परत जा. एकावेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

लालमाती_फोंडा
दोन क्लिक केले, फरक पडला, तिसरा केला तर मागून लाथ मारल्यासारखं व्हायला लागलं म्हणून परत दोनवर आणला. वही घेतली आहे. पहिल्या पानावर २६२ आणि ३८४ लिहिलंय. भोकाची पट्टी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलीय, केप्याच्या दादांना हवी असेल तर फोंड्याला आलात की घेऊन जा.

चिखलवेडा_केपे
रविवारी येतो. माझ्या गाडीचे शॉक काढूनच आणतो, तुमच्या शेडमध्येच मोजू.